टाकायासूचा पेशंट तपासायचा कसा: दोन्ही हात, दोन्ही पाय, आणि मग बाकी सगळं

हे लिहितोय ते नव्याने वॉर्डात आलेल्या इंटर्न आणि फर्स्ट इयर रेसिडेंट मंडळींसाठी. टाकायासू आर्टरायटिस हा आजार फार कॉमन नाही, त्यामुळे पुस्तकात एकदा वाचला जातो आणि विसरला जातो, पण ज्या पेशंटला तो असतो तिचं निदान कितीदा तरी महिनोन् महिने लांबतं, आणि लांबण्याचं कारण बहुतेक वेळा महागडी टेस्ट झाली नाही हे नसतं, तर कोणी दुसऱ्या हाताला बीपीचा पट्टा बांधलाच नाही हे असतं. म्हणून ही सगळी तपासणी क्रमाने सांगतो.

आधी थोडक्यात आजार. एओर्टा, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, आणि तिच्यातून निघणाऱ्या मोठ्या धमन्या, म्हणजे मानेकडे जाणाऱ्या कॅरोटिड, हातांकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन, किडनीच्या रीनल, आतड्यांच्या मेझेंटेरिक, या सगळ्यांच्या भिंतीला सूज येते. भिंत जाड होते, आतली पोकळी अरुंद होत जाते, कधी पूर्ण बंद पडते आणि काही ठिकाणी उलट भिंत कमकुवत होऊन फुगा येतो. फुप्फुसाच्या पल्मनरी आणि हृदयाच्या कोरोनरी धमन्याही यात सापडतात. पेशंट बहुतेक तरुण बायका, साधारण १० ते ४० वयातल्या. पुरुषांना आणि लहान मुलांनाही होतो, तेव्हा समोर मुलगा आहे म्हणून डोक्यातून काढून टाकू नका.

१९०८ मध्ये मिकितो टाकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने एका २१ वर्षांच्या मुलीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र गोल जाळी पाहिली आणि ती मांडली, आणि ओनिशी आणि कागोशिमा या दोन डॉक्टरांनी त्याच सुमारास अशाच पेशंटच्या मनगटाला नाडी लागत नाही हे सांगितलं. म्हणजे या आजाराची ओळखच डोळ्यांनी बघून आणि बोटांनी चाचपून झालेली आहे, तेव्हा ना सीटी होता ना रक्तप्रवाह टिपणारा डॉप्लर.

हात लावण्याआधी काय विचारायचं

हिस्टरी इथे लांबवत नाही, पण तपासणीची दिशा ठरवायला चार-पाच गोष्टी विचाराव्याच लागतात. हात वर करून काम करताना, केस विंचरताना, कपडे वाळत घालताना हात भरून येतो का, गळून जातो का, आणि खाली घेतला की बरं वाटतं का. चालताना पोटऱ्या किंवा मांड्या दुखतात का. उभं राहिल्यावर किंवा मान वर केल्यावर चक्कर, डोळ्यापुढे अंधारी येते का. जेवणानंतर पोटात कळ येते का आणि त्या भीतीने जेवण कमी झालंय का. मानेच्या पुढच्या बाजूला दुखतं का, कारण हे दुखणं पेशंट घसा दुखतो म्हणून सांगते आणि मग घशाची औषधं चालू होतात. बारीक ताप, वजन उतरणं, सांधे दुखणं, सतत थकवा हे सुरुवातीच्या काळात असू शकतं, त्या वेळी नाड्या अजून सगळ्या लागत असतात आणि म्हणूनच तेव्हा आजार सापडणं सगळ्यात अवघड.

अजून एक प्रश्न मी कधीच चुकवत नाही: "तुमचा बीपी मोजताना मशीन कधी एरर दाखवतं का, किंवा एका हातात लागत नाही असं कोणी म्हणालंय का?" पुष्कळ पेशंट लगेच म्हणतात की हो, डाव्या हातात कधी येतच नाही, सिस्टर नेहमी उजव्याच हातात घेतात. हे वाक्य ऐकलं की सरळ बसा.

पायरी पहिली: चारही हातापायांचा बीपी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकी काही राहिलं तरी चालेल, हे राहू देऊ नका.

पेशंटला पाच मिनिटं शांत झोपवा. कफचा, म्हणजे बीपीच्या पट्ट्याचा, आकार बघा: आतली हवेची पिशवी हाताच्या घेराच्या निदान ८० टक्के भागाला वेढली पाहिजे आणि तिची रुंदी घेराच्या साधारण ४० टक्के हवी. लहान कफ लावला की बीपी खोटा जास्त येतो, आणि बारीक अंगाच्या मुलीला मोठा कफ लावला की खोटा कमी येतो. आधी उजवा हात, मग डावा, मग परत उजवा. एवढ्यासाठी परत की पहिलं रीडिंग घाबरल्यामुळे जास्त आलेलं असतं आणि आपण तो फरक दोन हातांतला समजून बसतो. दोघं जण असाल तर दोन्ही हातांचा एकाच वेळी घ्या, त्यासारखं दुसरं काही नाही.

ऑटोमॅटिक मशीनवर विसंबू नका. ज्या हातात रक्तप्रवाह कमी आहे तिथे मशीन एक तर एरर देतं किंवा काहीतरी आकडा टाकून मोकळं होतं. साधा बीपीचा पट्टा आणि स्टेथो घ्या. आवाज ऐकू येत नसतील तर रेडियल (मनगटाच्या) किंवा ब्रेकियल (कोपराच्या) धमनीवर बोट ठेवून नाडी परत कधी येते ते बघून सिस्टोलिक, म्हणजे वरचा आकडा, लिहा आणि पुढे "पाल्पेटरी" असं नमूद करा. नाडीही लागत नसेल तर हातातला छोटा डॉप्लर प्रोब वापरा.

दोन हातांच्या सिस्टोलिकमध्ये थोडाफार फरक निरोगी माणसातही असतो. १९९० च्या अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या निकषांत १० पेक्षा जास्त फरक धरला होता, २०२२ च्या नव्या निकषांत २० किंवा जास्त. हे दोन्ही निकष मुळात रिसर्चसाठी पेशंट वर्गीकृत करायला बनवलेत, त्यामुळे १४ चा फरक आला म्हणून "निकषात बसत नाही" असं म्हणून सोडू नका. परत मोजा, दोन-तीनदा तोच फरक त्याच बाजूला येतोय का ते बघा.

आता पाय. इथे पुष्कळ जण कंटाळा करतात. मोठा मांडीचा कफ असेल तर पेशंटला पालथं झोपवा, कफ मांडीच्या खालच्या भागात बांधा आणि गुडघ्यामागे पॉप्लिटियलवर ऐका. मांडीचा कफ नसेल तर हाताचाच कफ घोट्याच्या जरा वर पोटरीला बांधा आणि पोस्टीरियर टिबियलवर (घोट्याच्या आतल्या बाजूला) बोट किंवा डॉप्लर ठेवून सिस्टोलिक घ्या, तेवढ्यावर काम भागतं. झोपलेल्या माणसाच्या पायातला सिस्टोलिक हातापेक्षा साधारण १० ते २० ने जास्त असतो. पायाचा बीपी हातापेक्षा कमी आला तर खाली जाणाऱ्या एओर्टामध्ये किंवा पायाच्या धमन्यांत अडथळा आहे का याचा विचार करायचा. आणि पायाचा हातापेक्षा खूपच जास्त आला, म्हणजे हातात ९० आणि पायात १७०, तर पायाचाच आकडा खरा, हातांच्या धमन्या अरुंद झाल्यात.

ही शेवटची गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे पेशंटचं नुकसान होतं. दोन्ही सबक्लेव्हियन अरुंद असतील तर दोन्ही हातांचा बीपी सारखाच आणि कमी येतो, फरक शून्य, दिसायला सगळं नॉर्मल. आतमध्ये मात्र एओर्टातलं प्रेशर १८० असू शकतं, कारण किडनीची धमनीही अरुंद झालेली असते आणि त्यामुळे बीपी वाढलेला असतो. अशा मुलीला "लो बीपी आहे" म्हणून सलाईन चढवलं जातं, जास्त मीठ खायला सांगितलं जातं, आणि ती दम लागून, छातीत पाणी होऊन परत येते. तरुण मुलगी, हातांत बीपी कमी पण हातपाय गार पडलेले नाहीत, लघवी नीट होतेय, शुद्ध उत्तम, डोकं मात्र ठणकतंय, असं चित्र असेल तर आधी पायाचा बीपी घ्या, सलाईन नंतर.

आणि चारही ठिकाणच्या धमन्या खराब असतील तर? तर बाहेरून मोजलेला कुठलाच आकडा खरा नसतो. मग अप्रत्यक्ष खुणा बघायच्या: छातीवर हात ठेवल्यावर हृदयाच्या टोकाचा, म्हणजे अ‍ॅपेक्सचा ठोका जोरदार आणि उचलणारा आहे का, एओर्टिक जागेवर (स्टर्नमच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, उजवीकडे वर) हृदयाचा दुसरा ध्वनी मोठा आहे का, डोळ्याच्या पडद्यावर बीपीचे बदल आहेत का. या खुणा असतील तर कफवर ११० दिसत असला तरी विश्वास ठेवू नका आणि सीनियरला सांगा की सेंट्रल, म्हणजे एओर्टातलं, प्रेशर कॅथेटर टाकून मोजायची वेळ आहे.

पायरी दुसरी: नाड्या, एकेक करून

क्रम ठरवून घ्या आणि दर वेळी तोच पाळा. मी वरून खाली येतो: टेम्पोरल (कपाळाच्या बाजूची), कॅरोटिड, सबक्लेव्हियन, अ‍ॅक्सिलरी, ब्रेकियल, रेडियल, अल्नर, मग पोटातली एओर्टा, फीमोरल (मांडीच्या घडीतली), पॉप्लिटियल, पोस्टीरियर टिबियल, डॉर्सालिस पेडिस (पावलावरची). जिथे शक्य असेल तिथे दोन्ही बाजूच्या नाड्या एकाच वेळी दोन हातांनी चाचपा, कारण आधी एक आणि मग दुसरी असं केलं तर जोरातला फरक बोटांच्या लक्षात राहत नाही. याला एकच अपवाद, कॅरोटिड. दोन्ही कॅरोटिड एकाच वेळी कधीही दाबायच्या नाहीत, आणि या आजारात तर अजिबातच नाही, एक आधीच बंद असेल आणि उरलेली आपण दाबली तर पेशंट तिथल्या तिथे बेशुद्ध पडेल.

कॅरोटिड चाचपताना बोटं मानेच्या खालच्या अर्ध्या भागात ठेवा, थायरॉइड कार्टिलेजच्या वरच्या कडेच्या खाली, म्हणजे कॅरोटिड सायनसवर, बीपी ओळखणाऱ्या भागावर, दाब येत नाही. हलक्या हाताने. नाडीचा जोर बघा आणि तिथेच विचारा, दुखतंय का. धमनीच्या रेषेवर बोट ठेवल्यावर दुखणं, ज्याला कॅरोटिडिनिया म्हणतात, हे भिंतीतल्या सूजेचं लक्षण आहे आणि ते आजार सुरू असल्याकडे बोट दाखवतं. पेशंटचा चेहरा बघत चाचपा, ती बोलायच्या आधी कपाळावर आठी येते. नुसतं दुखतं एवढ्यावर लिहून टाकू नका, दोन बोटं बाजूला स्नायूवर दाबून बघा, तिथे दुखत नाही आणि धमनीवर दुखतं हे वेगळं झालं पाहिजे. गाठी आणि थायरॉइडही चाचपून घ्या.

सबक्लेव्हियनची नाडी कॉलरबोनच्या मध्यावर जरा वर, आत आणि खाली दाबून पहिल्या बरगडीवर लागते. बारीक पेशंटमध्ये सहज लागते. डावी सबक्लेव्हियन या आजारात फार वेळा सापडते, तेव्हा डावी बाजू जास्त काळजीने.

रेडियल लागत नसेल तर मागे मागे जा: ब्रेकियल लागते का, अ‍ॅक्सिलरी लागते का, सबक्लेव्हियन? जिथे नाडी लागायची थांबते तिथून वरचा भाग अरुंद आहे एवढं अंदाजाने सांगता येतं. रेडियल नसणं म्हणजे टाकायासूच असं मात्र नाही, आयसीयूत पूर्वी रेडियल लाइन टाकली होती का, लहानपणी हृदयाचं ऑपरेशन होऊन सबक्लेव्हियन वापरली होती का, हे विचारा, मानेखाली आणि छातीच्या बाजूला ऑपरेशनचा व्रण बघा.

बारीक नाडी चाचपताना एक फसगत होते, आपल्याच बोटातली नाडी आपल्याला जाणवते. शंका आली की दुसऱ्या हाताने अ‍ॅपेक्सचा ठोका धरा किंवा स्टेथो लावा, ठोका आणि नाडी जुळत असेल तर ती पेशंटची.

फीमोरल हमखास वगळली जाते, लाज वाटते म्हणून. पेशंटला समजावून सांगा, पडदा ओढा, सोबत स्त्री कर्मचारी असू द्या, आणि बघाच. मांडीच्या घडीत, पुढचं कमरेचं हाड आणि प्यूबिक सिम्फिसिस यांच्या मध्यावर. उजवी रेडियल आणि फीमोरल एकाच वेळी धरा, दोन्ही जवळजवळ एकदम यायला हव्यात. फीमोरल मागून आणि मऊ आली तर मधल्या एओर्टामध्ये अडथळा. हाताच्याच नाड्या खराब असतील तर ही तुलना फसते, मग कॅरोटिड आणि फीमोरल जोडीने बघायचं.

पायात डॉर्सालिस पेडिस काही निरोगी माणसांनाही जन्मतः लागत नाही, म्हणून ती एकटी नसेल तर फार घाबरू नका, पोस्टीरियर टिबियल लागते का ते बघा.

जोराची नोंद करताना आकडे टाकायचे असतील तर आपल्या युनिटमध्ये कुठली पद्धत आहे ते आधी विचारा, कोणी ० ते ३ लिहितं, कोणी ० ते ४, आणि मग एकाचं नॉर्मल दुसऱ्याला जोरदार वाटतं. त्यापेक्षा नॉर्मल, कमी, नाही असं शब्दांत लिहिलेलं पुढच्या माणसाला बरं.

पायरी तिसरी: स्टेथो लावून ब्रुई ऐकणं

अरुंद जागेतून रक्त जाताना खळखळ होते, तिचा आवाज म्हणजे ब्रुई. खोलीत शांतता हवी, पंखा शक्य असेल तर बंद. स्टेथोची बेल (वाटीसारखी बाजू) वापरा आणि हलका टेकवा. जोरात दाबला की तुम्हीच धमनी अरुंद करता आणि ब्रुई तयार करता.

ऐकायच्या जागा: जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या खालच्या भागात, कॉलरबोनच्या वर आणि खाली, काखेत, पाठीवर दोन खांद्यांच्या हाडांमध्ये, मग पोटावर बेंबीच्या वर मध्यभागी, बेंबीच्या जरा वर दोन्ही बाजूंना किडनीच्या धमन्यांसाठी, कमरेच्या बाजूंना, बेंबीखाली दोन्ही बाजूंना आणि शेवटी मांडीच्या घडीत. पाठ विसरू नका, खाली जाणाऱ्या छातीतल्या एओर्टाचा आवाज तिथेच येतो. मान आणि पोट ऐकताना काही सेकंद श्वास धरायला सांगा, आणि तुम्हीही धरा, म्हणजे पेशंटला किती वेळ झाला ते कळतं.

मानेत दोन गोष्टी फसवतात. एक व्हीनस हम, तरुणांमध्ये कॉमन, बसल्यावर सतत घुमणारा आवाज येतो, झोपवलं किंवा जबड्याखाली शीर हलकी दाबली की गायब. दुसरा म्हणजे हृदयाच्या एओर्टिक व्हॉल्व्हचा मर्मर (जास्तीचा आवाज) वर मानेत पसरलेला. त्यात स्टेथो मानेवरून छातीकडे सरकवत आणला की आवाज वाढत जातो, खऱ्या कॅरोटिड ब्रुईमध्ये मानेतच जास्त असतो. पोटावर बारीक तरुण मुलीत हलका सिस्टोलिक ब्रुई काही नसतानाही ऐकू येऊ शकतो, पण तो सिस्टोलमध्ये (हृदय आकुंचन पावताना) सुरू होऊन डायस्टोलमध्येही (सैल पडताना) लांबत असेल तर अडथळा जास्त आहे असं धरा.

आणि एक महत्त्वाची गोष्ट, धमनी फारच अरुंद झाली किंवा बंद पडली की ब्रुई नाहीसा होतो. मागच्या भेटीत डाव्या कॉलरबोनवर ब्रुई होता, आज नाही, आणि डाव्या हाताची नाडीही आज कमी वाटतेय, याला सुधारणा लिहिणं म्हणजे उलटी चूक. ब्रुई कायम नाडी आणि बीपीच्या सोबत वाचायचा.

पायरी चौथी: हृदय

इथे मुख्य शोधायचं ते एओर्टिक रिगर्जिटेशन, म्हणजे एओर्टातलं रक्त उलटं हृदयात येणं. एओर्टाचं मूळ पसरलं की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. पेशंटला बसवा, पुढे वाकवा, पूर्ण श्वास सोडून धरायला सांगा, स्टेथोचा डायफ्रॅम (चपटी बाजू) स्टर्नमच्या डाव्या कडेला बरगड्यांमधल्या तिसऱ्या जागेत घट्ट दाबा, दुसऱ्या ध्वनीनंतर लगेच सुरू होणारा मऊ, उतरत जाणारा फुंकरीसारखा आवाज. झोपलेल्या अवस्थेत तो हमखास सुटतो. पुस्तकात लिहिलेल्या रिगर्जिटेशनच्या हातातल्या खुणा, उसळती नाडी वगैरे, इथे शोधत बसू नका, कारण सबक्लेव्हियनच अरुंद असेल तर नाडी उसळणार कुठून. कॅरोटिड किंवा फीमोरलमध्ये त्या दिसू शकतात.

पल्मनरी धमनी सापडली असेल तर डाव्या दुसऱ्या जागेत दुसरा ध्वनी मोठा, स्टर्नमच्या डाव्या कडेला हात उचलला जाणं. तिसरा ध्वनी, फुप्फुसाच्या तळाशी क्रेप्स (बारीक कडकड आवाज), मानेतली शीर वर, पायाला सूज, म्हणजे हृदय थकतंय, आणि तरुण मुलीत हार्ट फेल्युअरचं कारण सापडत नसेल तर परत पहिल्या पायरीवर जा.

पायरी पाचवी: हात, कातडी, मेंदू, डोळे

दोन्ही हात डोक्यावर उचलायला सांगा आणि मिनिटभर मुठी उघडझाप करायला लावा. अडथळ्याच्या बाजूचा तळवा पांढरा पडतो, हात दुखायला लागतो, पेशंट हात खाली आणते, आणि रंग परत यायला वेळ लागतो. हे करताना चक्कर आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबवा: हाताला रक्त पुरवायला मेंदूकडच्या व्हर्टिब्रलमधून उलटं रक्त खेचलं जातंय असा त्याचा अर्थ असू शकतो, म्हणजे सबक्लेव्हियन स्टील. मान मागे करायला लावतानाही हीच काळजी, आणि असे पेशंट उभे करताना शेजारी उभे राहा.

दोन्ही हातांचा घेर टेपने मोजा, जुन्या अडथळ्यात त्या बाजूचा हात बारीक झालेला असतो. बोटं काळी पडणं मात्र या आजारात क्वचित, कारण धमनी हळूहळू बंद होते आणि तोवर आजूबाजूच्या छोट्या वाहिन्या रस्ता तयार करतात. काही पेशंटच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाभोवती अशा वाहिन्यांचे ठोके हाताला लागतात. बोटं काळी झाली असतील तर दुसऱ्या आजाराचा किंवा गुठळीचाही विचार करा.

कातडीवर नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी बघा, म्हणजे एरिथिमा नोडोसम. तोंडातले आणि गुप्तांगावरचे छाले विचारा आणि बघा, ते असतील तर बेहचेट या आजाराकडे विचार वळतो, तोही मोठ्या धमन्यांना धरतो. पायावर हाताला लागणारे जांभळे ठिपके, एकाएकी पाय किंवा मनगट लुळं पडणं, हे बारीक वाहिन्यांच्या व्हॅस्क्युलायटिसचं, म्हणजे सूजेचं, चित्र, टाकायासूचं नाही. आणि पन्नाशीपुढच्या माणसाला कपाळाच्या बाजूची धमनी जाड, दुखरी, डोक्याला फणी लागली तरी दुखतंय, चावताना जबडा दुखतोय, तर तो जायंट सेल आर्टरायटिस हा धमन्यांच्या सूजेचा दुसरा आजार, त्यात नजर जायची भीती असते, तिथे थांबायचं नाही.

न्यूरोमध्ये हातापायांची ताकद, चेहरा, बोलणं, चालणं एवढं तरी करा, कारण तरुण वयातला स्ट्रोक या आजारात होतो.

फंडस, म्हणजे डोळ्याचा पडदा, स्वतः बघता येत नसेल तर नेत्रविभागाकडून नक्की करून घ्या, आणि चिठ्ठीवर नुसतं "फंडस" लिहू नका, काय शोधायचंय ते लिहा. डोळ्यात दोन प्रकारचे बदल येतात. वरच्या धमन्या बंद पडल्यामुळे रक्त कमी पोचून लहान वाहिन्या फुगणं, मायक्रोॲन्युरिझम, आणि पुढे धमनी-शिरांची जोडणी, जी टाकायासूंनी पाहिली. आणि किडनीची धमनी अरुंद असल्यामुळे बीपीचे बदल. एकाच पेशंटमध्ये दोन्ही असू शकतात.

आज सापडलेलं नवं की जुनं?

पेशंट माहितीतली असेल तर खरा प्रश्न हा असतो. बंद पडलेली सबक्लेव्हियन औषधाने उघडेलच असं नाही, त्यामुळे आजार शांत झाला तरी नाडी नसणं तसंच राहू शकतं. ते नुकसान आहे, चालू सूज नाही. म्हणूनच इंडियन टाकायासू क्लिनिकल अ‍ॅक्टिव्हिटी स्कोअर, म्हणजे आयटास २०१०, मध्ये गेल्या ३ महिन्यांत नवीन आलेलं किंवा वाढलेलंच मोजतात. कॅरोटिडिनिया नव्याने, एखादी नाडी नव्याने गेली, ब्रुई नव्याने आला, बीपीतला फरक वाढला, ताप, वजन उतरणं परत सुरू झालं, तर सीनियरला त्याच दिवशी कळवा. पण हे ठरवायला मागची नोंद नीट असावी लागते, आणि मागची नोंद "ऑल पेरिफेरल पल्सेस फेल्ट" एवढीच असेल तर तिचा काडीचा उपयोग नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. तपासणीत काही सापडलं तर त्याला किंमत आहे, पण काही सापडलं नाही म्हणून धमन्या चांगल्या आहेत असं होत नाही. सूज भिंतीत असते, पोकळी अरुंद व्हायच्या आधी नाडी नॉर्मलच लागते, आणि छातीतल्या धमनीला तर बोट लागतच नाही. संशय पक्का असेल तर नॉर्मल तपासणीनंतरही डॉप्लर, सीटी किंवा एमआर अँजिओ करायचा. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट नॉर्मल आहेत म्हणूनही थांबू नका, ते नॉर्मल असतानाही आजार आतून चालू असलेले पेशंट असतात.

नजर अचानक अधू होणं, छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, फिट येणं, दम लागून झोपता न येणं, हात किंवा पाय एकाएकी गार आणि पांढरा पडणं, यातलं काही असेल तर ही सगळी तपासणी क्रमाने करत बसायची नाही, आधी हाक मारायची.

नोंद कशी दिसली पाहिजे

एक काल्पनिक उदाहरण देतो, असं लिहा:

"झोपून बीपी: उजवा हात १२४/७८, डावा हात ८६ पाल्पेटरी, उजवी मांडी १६८, डावी मांडी १६४. नाड्या: डावी रेडियल, अल्नर नाही, डावी ब्रेकियल कमी, उजवी ब्रेकियल, रेडियल कमी, बाकी नॉर्मल, दोन्ही फीमोरल नॉर्मल आणि वेळेवर. ब्रुई: दोन्ही कॉलरबोनच्या वर, बेंबीच्या वर उजवीकडे. उजवी कॅरोटिड दुखरी, मागच्या भेटीत नव्हती. स्टर्नमच्या डाव्या कडेला रिगर्जिटेशनचा मर्मर नाही. उपचारासाठी बीपी: उजवी मांडी."

या चार ओळींत पुढच्या माणसाला सगळं कळतं, उजव्या हातातला १२४ नॉर्मल दिसत असला तरी तोही खोटा आहे हेसुद्धा. शेवटची ओळ फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने परत लिहा आणि पेशंटलाही तिच्या भाषेत सांगा, की तुमचा बीपी कुठे मोजायचा ते हे, कुठेही दाखवायला गेलात, बाळंतपणाला गेलात, ऑपरेशनला गेलात तरी आधी हे सांगायचं, आणि कार्डावर लिहून द्या. भूल देणाऱ्या डॉक्टरला तर हे माहीत असणं फार गरजेचं, नाहीतर ते डाव्या हाताला कफ लावून ८६ बघून प्रेशर वाढवायची औषधं चालू करतील.

पुढच्या भेटीला हाच क्रम, त्याच जागा, तोच कफ, आणि मागचं पान उघडं ठेवून तपासायचं.